बैलाचा ताळेबंद

‘छंदाचा छंद आणि धंद्याचा धंदा’ हे वाक्य ज्याने प्रथम उच्चारलं, त्याला सांगोल्याच्या रविवारच्या बाजारात एखाद्या खिलाराशेजारी दावणीला बांधून ठेवावा, असं माझं स्पष्ट मत आहे. वैरण त्याने पदरची आणावी.

परदेशात म्हणे लोक नोकरी सांभाळून मांसासाठी गुरं पाळतात. सुट्टीत चारा टाकायचा, वाढली की विकायची, हिशेब मिटला. आमच्याकडे हौस त्यांच्यापेक्षा चार पेंढ्या जास्तच. मिटत नाही तो हिशेब. आता मी पडलो बँकेतला कारकून, त्यात बी. कॉम. खिलाराकडे बघून लोकांना शिंगं दिसतात, मला घसारा दिसतो. यंत्र झिजतं, पण जाताना भंगाराचे चार पैसे देऊन जातं, असं आम्हाला शिकवलं होतं. बैलाचंही तेच चालायचं. थकला की बाजारात जायचा, आलेल्या पैशात भर घालून मालक नवा खोंड आणायचा. थकलेला पुढे कुठे जातो, हे सगळ्यांना ठाऊक असायचं आणि कुणी विचारायचं नाही.

१९७६ च्या कायद्याने गाय वाचली होती. बैल दाखला मिळाला तर कापता यायचा. १९९५ साली विधिमंडळाने बैल आणि वळू दोघांनाही बंदीत घेतलं, त्याला राष्ट्रपतींची मंजुरी आली २०१५ साली. वीस वर्षं! एवढा उशीर आमच्या शाखेतसुद्धा होत नाही, आणि आमची शाखा त्याबाबतीत नाव राखून आहे. आता कापणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद, आणि कापण्यासाठी विकणंही गुन्हाच. म्हणजे थकलेला बैल एका रात्रीत मालमत्तेच्या रकान्यातून उठून देण्यांच्या रकान्यात जाऊन बसला. तिथेही खातोच आहे.

बैल वाचवणाऱ्यांच्या भक्तीवर मला शंका नाही. माझं भांडण पावतीशी आहे. पुण्य त्यांच्या खात्यावर जमा, कडबा शेतकऱ्याच्या नावे खर्ची! २०२४ साली सरकारने देशी गायीला राज्यमाता म्हटलं आणि गोशाळेतल्या देशी गायीला दिवसाला ५० रुपये देऊ केले. म्हणजे गोशाळेत ती माता, आमच्या शेजाऱ्याच्या गोठ्यात नुसती गाय. बैलाला तर अजून कुणी राज्यपिताही म्हटलेलं नाही.

“पण शर्यती सुरू झाल्या की!” असं कुणीतरी म्हणणारच. झाल्या. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये बंद केल्या, २०२१ च्या डिसेंबरात अटी घालून सोडल्या, २०२३ मध्ये कायद्यावर शिक्कामोर्तबही केलं. पळणाऱ्या खोंडाला भाव आला, छानच झालं. पण पळून पळून तोही एक दिवस थकणारच ना? आणि जे मुळात पळतच नाहीत त्यांचं काय? (मी स्वतः त्यांच्यातलाच.) शहाणी मंडळी कधीच शेळ्या आणि माडग्याळी मेंढ्यांकडे वळली. त्यांच्या खतावणीला निदान शेवटचं पान तरी असतं.

तेव्हा ज्यांना कायदा हवा त्यांनी तो खुशाल ठेवावा. फक्त दर महिन्याला कडबा पाठवावा. पेंढीवर देणगीदाराचं नाव घालायचं असेल तर माझी हरकत नाही. पावती मी सुट्टीच्या दिवशीसुद्धा फाडीन.