कयाकपटूच्या हाती दिलेली पुडी

कयाक ही नाव काठावरून पाहणाऱ्यास खेळण्यासारखी वाटते. एकट्याने वल्हवावयाच्या स्पर्धेच्या नावेची लांबी जास्तीत जास्त ५ मीटर २० सेंटिमीटर, वजन किमान १२ किलो आणि रुंदी इतकी कमी की नवशिका तीत बसताक्षणी पाण्यात जातो. माझ्या एका रुग्णाचा एकोणीस वर्षांचा मुलगा आमच्या गावाजवळच्या धरणाच्या पाण्यावर हा सराव करतो. दोन वर्षांपूर्वी त्याच्या वडिलांच्या आग्रहावरून मी एकदा पहाटे तेथे गेलो. वारा उठण्यापूर्वी पाणी आरशासारखे स्थिर असते, म्हणून या खेळाचा दिवस पहाटेच सुरू होतो.

हा हातांचा खेळ असावा, अशी माझी समजूत होती. त्याच्या प्रशिक्षकांनी ती दूर केली. वल्ह्याचे पाते पावलाशेजारी पाण्यात उतरते, त्याच बाजूचा पाय समोरच्या फळीवर रेटला जातो, कटी व पाठ वळते आणि ते बळ खांद्यातून पात्यापर्यंत पोहोचते. मिनिटाला असे शंभराहून अधिक फटके. पुरुषांची हजार मीटरची शर्यत जागतिक पातळीवर सुमारे साडेतीन मिनिटांत संपते, महिलांची पाचशे मीटरची दोन मिनिटांच्या आत. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये पुरुषांच्या २०० मीटर शर्यतीत तिसऱ्या क्रमांकाचे दोन खेळाडू छायाचित्रानेही वेगळे करता आले नाहीत. कांस्यपदक दोघांना द्यावे लागले. एवढ्या अंतरासाठी ही मुले वर्षानुवर्षे दिवसातून दोनदा पाण्यावर उतरतात आणि उरलेल्या वेळी वजने उचलतात.

आपले शास्त्र व्यायाम अर्धशक्तीने करावा असे सांगते. कपाळी, नाकावर, काखेत घाम आला, तोंडास कोरड पडली की थांबावे. हजार मीटरच्या शर्यतीत ही लक्षणे पहिल्या अडीचशे मीटरांतच प्रकट होतात आणि खरी शर्यत त्यानंतरची असते. शिवाय ग्रीष्मात व्यायाम अल्प करावा हा ऋतुचर्येचा नियम. पण उत्तर गोलार्धातील या खेळाच्या मोठ्या स्पर्धा बहुधा मे ते ऑगस्ट या काळात भरतात. हत्तीला ओढू पाहणाऱ्या सिंहाचा दृष्टांत अशा खेळाडूस ऐकवून त्याला घरी पाठविणे सोपे आहे. मीही प्रथम तेच केले. मुलाने ऐकून घेतले आणि विचारले, “डॉक्टर, म्हणजे मी खेळू नको का?” यावर मजजवळ उत्तर नव्हते. अतिव्यायाम करणे हेच ज्याचे काम, त्याच्यासाठी वैद्याने काय करावे, हा प्रश्न मी त्या दिवसापर्यंत स्वतःस विचारलाच नव्हता.

करण्यासारखे पुष्कळ आहे. खांदा, मनगट व कटी ही या खेळाची तीन दुखणी. त्यांस अभ्यंग, स्वेद आणि योग्य विश्रांती यांचा चांगला उपयोग होतो. तळहाताचे फोड, बसण्याच्या जागी उठणारी गळवे, साचलेल्या पाण्यातून होणारा त्वचाविकार हे तर नित्याचेच. पावसानंतर गढूळ पाण्यात उतरलेल्या खेळाडूस ज्वर आला तर लेप्टोस्पायरोसिसची शंका प्रथम घ्यावी, काढ्यावर दिवस दवडू नयेत. हे सर्व आपल्यापैकी बहुतेक जण करू शकतात. मला लिहावयाचे आहे ते मात्र वेगळ्याच गोष्टीबद्दल, आणि तीत चूक माझी आहे.

राज्यस्तरीय स्पर्धेच्या आठ दिवस आधी तो मुलगा अग्निमांद्याची तक्रार घेऊन आला. जेवण जात नव्हते, पोट जड. मी सवयीने अग्नितुंडी वटी दिली. वडिलांनी सहज विचारले, “यात बंदी असलेलं काही नाही ना? सरांनी विचारायला सांगितलंय.” मी हसून म्हणालो, “शुद्ध आयुर्वेदिक आहे, काळजी करू नका.” हे वाक्य आपण सर्वांनी किती वेळा उच्चारले असेल! त्या रात्री, का कोण जाणे, मी जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेची यादी काढून वाचली. स्पर्धाकाळात प्रतिबंधित असलेल्या उत्तेजकांत स्ट्रिक्निनचे नाव स्पष्ट छापलेले आहे. स्ट्रिक्निन म्हणजे आपला कुचला. आणि अग्नितुंडीत कुचला चिमूटभर नव्हे, इतर सर्व द्रव्यांच्या समभाग असतो. शिवाय तीत वत्सनाभ आहे. अ‍ॅकोनाइटच्या काही जातींत हायजेनामाइन आढळते, आणि ते द्रव्य तर स्पर्धा असो वा नसो, सदैव प्रतिबंधित आहे. रात्री साडेदहाला मी त्या घरी दूरध्वनी केला. दोन गोळ्या पोटात गेल्या होत्या. उरलेल्या परत मागविल्या.

या नियमांचा गाभा ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. खेळाडूच्या नमुन्यात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूचीच. ‘वैद्यांनी दिले’ हे उत्तर फार तर शिक्षा कमी करण्याच्या कामी येते, दोष पुसत नाही. दोन ते चार वर्षांची बंदी होऊ शकते, आणि विशीतल्या कयाकपटूची चार वर्षे म्हणजे एक संपूर्ण ऑलिंपिक. कयाकच्याच भगिनीखेळातील, म्हणजे कॅनो प्रकारातील, कॅनडाची जगज्जेती लॉरेन्स व्हिन्सेंट-लापॉइंट हिच्या नमुन्यात २०१९ मध्ये लिगँड्रॉलचा अंश सापडला. तो पूर्वीच्या मित्राच्या शरीरद्रवातून आला, हे सिद्ध करण्यास तिला महिने लागले. जानेवारी २०२० मध्ये ती निर्दोष ठरली आणि २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये २०० मीटर शर्यतीत तिने रौप्यपदक मिळविले. तिच्यामागे वकील होते, प्रयोगशाळा होत्या. आमच्या धरणावरच्या मुलामागे कोण उभे राहील?

वनौषधी म्हणजे निर्धोक, या समजुतीने बुडालेले खेळाडू थोडे नाहीत. २०११ मध्ये जर्मनीत झालेल्या महिलांच्या विश्वचषक फुटबॉल स्पर्धेत उत्तर कोरियाच्या पाच खेळाडू स्टेरॉइडसाठी दोषी ठरल्या. कस्तुरीमृगाच्या ग्रंथीपासून केलेले पारंपरिक औषध घेतले होते, असे त्यांच्या पथकाने सांगितले. त्याच वर्षी आपल्या देशाच्या रिले धावपटूंनी गिनसेंगच्या उत्पादनांकडे बोट दाखविले. एक वर्षाची बंदी अपिलात दोन वर्षांची झाली.

आता आपल्या कपाटाकडे पाहावे. जातीफलादी चूर्णात भांग आहे, कर्पूर रसात अहिफेन आहे. श्वासावर वापरली जाणारी सोमलता म्हणजे एफेड्रा. तिच्यातील एफेड्रिन स्पर्धाकाळात ठरावीक मर्यादेपलीकडे गेले की दोष ठरतो. हायजेनामाइनच्या संदर्भात टिनोस्पोरा क्रिस्पा या वनस्पतीचे नाव घेतले जाते. ती आपल्या गुळवेलीची जातभाई. बाजारात गुळवेल म्हणून येणारी काडी नेमकी कोणती, हे पाहण्याची तसदी आपले किती औषधविक्रेते घेतात? कमळबीजाच्या अंकुरातही हेच द्रव्य असते. उलट अश्वगंधा, शतावरी यादीत नाहीत. आसवारिष्टांतील मद्यांशाचीही आता धास्ती नको, कारण २०१८ पासून मद्य या यादीतून वगळले आहे. म्हणून भीतीने सर्वच औषधे बंद करणे हाही अडाणीपणाच होय.

औषधालयाच्या मालकांस राग येईल, तरी लिहितो. कुचला, वत्सनाभ, भांग, अहिफेन ही द्रव्ये औषध कायद्याच्या ‘ई-१’ परिशिष्टात आहेत आणि ती असलेल्या पोटात घेण्याच्या औषधांवर वैद्यकीय देखरेखीची सूचना छापणे बंधनकारक आहे. ती सूचना गल्ल्यावरचा मुलगा गिऱ्हाइकास कधी वाचून दाखवितो का? आणि ‘ताकदीची पावडर’ म्हणून व्यायामशाळेच्या पोरांना जे डबे विकले जातात, त्यांतील काहींचा निर्माता कोण, हे विक्रेत्यालाही सांगता येत नाही. आठवड्यात स्नायू फुगविणारे चूर्ण शास्त्रात नाही. असे चूर्ण हाती आले तर त्यात शास्त्राबाहेरचे काही मिसळले आहे, असेच समजावे. राष्ट्रीय उत्तेजकविरोधी कायदा २०२२ मध्ये झाला. उद्या एखाद्या खेळाडूची चौकशी दुकानाच्या पायरीपर्यंत आली, तर आपण पावती दाखविणार की पाठ?

मी माझ्यापुरता परिपाठ बदलला आहे. रुग्ण स्पर्धेत उतरतो का, हे प्रथम विचारतो. उतरत असेल तर औषधातील प्रत्येक घटक, कुलनामासह, वेगळ्या कागदावर लिहून देतो; तो कागद प्रशिक्षकांना दाखविल्याशिवाय औषध सुरू करू नये, असे बजावतो. त्याच बॅचची एक न उघडलेली बाटली जपून ठेवावयास सांगतो. यादी दरवर्षी १ जानेवारीस नवी लागू होते, तेव्हा ती पुन्हा वाचतो. यात जानेवारीतली एक संध्याकाळ जाते, अधिक काही नाही. माझ्या एका सहाध्यायाने यावर, “इतकं भिऊन वैद्यकी कशी करायची?” असे विचारले. त्याच्याकडे कोणी खेळाडू येत नाही, असे तो म्हणतो. येतात, तो विचारीत नाही.

तो मुलगा त्या स्पर्धेत अंतिम फेरीत सातवा आला. चाचणीसाठी त्याला बोलावले गेले नाही. महिन्याभराने खांद्यासाठी तो पुन्हा आला. विषगर्भ तेल मी मुद्दाम टाळले आणि महानारायण तेलाची बाटली त्याच्या हाती दिली. त्याने ती उलटी करून बारीक अक्षरातील घटक वाचले आणि दोन नावांविषयी मला विचारले. त्यांतील एकाचे उत्तर मला पुस्तक काढून द्यावे लागले.