चष्मा, गोळी आणि बाबा

गणपतीत सगळे जमलो होतो. जेवणं झाल्यावर मी पर्समधून गोळी काढली, तर धाकट्या भावाने लगेच टोमणा मारला, "ताई, सुरू झालं का म्हातारपण?" गंमत म्हणजे हीच गोळी डॉक्टरांनी त्यालाही सांगितली आहे आणि तो घेत नाहीये. कारण काय, तर "एकदा सुरू केली की जन्मभर सुटत नाही." मी लिहिलेलं तो न चुकता वाचतो. तर घे, वाच. :)

खरं तर त्याला बोलायचा मला अधिकार नाही. चार वर्षांपूर्वी माझं एलडीएल १७८ आलं. तीन महिने रोज चालले, तळलेलं बंद केलं, सकाळी अनशापोटी लसूण चावली (आत्याची आज्ञा!). आकडा उतरला तो जेमतेम १६६ वर. मग डॉक्टरांनी अ‍ॅटोर्वास्टॅटिन लिहून दिलं आणि पुढच्या तपासणीत चक्क ९६! मी इतकी खूश झाले की गोळीच बंद केली. बरं झालं ना आता, मग औषध कशाला? सहा महिन्यांनी पुन्हा १७३. डॉक्टर रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "चष्मा लावल्यावर अक्षर स्पष्ट दिसलं, म्हणून कोणी चष्मा काढून ठेवतं का?"

कोलेस्टेरॉल हा काही जंतू नव्हे, की पाच दिवसांचा कोर्स केला आणि संपला. ते बरंचसं आपलं यकृतच तयार करतं. ही गोळी त्या कामाला लगाम घालते, मग यकृत रक्तातलं एलडीएल जास्त ओढून घेतं. गोळी थांबली की कारखाना पुन्हा जोरात. म्हणून पथ्य सांभाळूनही काहींचा आकडा हलत नाही. तो दोष नेहमी जिभेचा नसतो, कधी घराण्याचाही असतो.

आता आत्याचा मुद्दा: "त्या गोळीने पाय दुखतात गं." काहींचे खरंच दुखतात, काहींची साखरही थोडी वाढते. पण २०२० साली इंग्लंडमधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्रासामुळे ही गोळी सोडलेल्या ६० जणांना काही महिने खरी गोळी दिली, काही महिने औषध नसलेली आणि काही महिने काहीच नाही. खऱ्या गोळीवर जो त्रास झाला, त्याचा सुमारे ९० टक्के खोट्या गोळीवरही झाला! याचा अर्थ दुखणं खोटं असा नाही. दुखलं तर डॉक्टरांना सांगावं, ते मात्रा कमी करतात, गोळी बदलतात. आपल्या मनाने सोडू नये, एवढंच.

आणि आता जे त्या दिवशी सगळ्यांसमोर बोलले नाही ते. बाबा १९८९ मध्ये गेले, ५१ व्या वर्षी. त्यांना कोणी कोलेस्टेरॉल तपासायलाही सांगितलं नव्हतं. या जातीची पहिली गोळी अमेरिकेत १९८७ साली बाजारात आली होती. हृदयविकार असलेल्या ४४४४ रुग्णांवरचा स्कँडिनेव्हियातला मोठा अभ्यास आला तो १९९४ मध्ये. पाचेक वर्षांत गोळी न घेणाऱ्यांपैकी शंभरात १२ जण दगावले, घेणाऱ्यांपैकी ८. शंभरात चार म्हणजे फार नाही, असं कोणी म्हणेल. त्या चारांत आपले बाबा असते तर?

प्रत्येकाने गोळी घ्यावी असं माझं मुळीच म्हणणं नाही. ते डॉक्टरांनी ठरवायचं. पण त्यांनी ठरवल्यावर "जन्मभर" या शब्दाला घाबरून नाही म्हणू नये. जन्मभर घ्यायची म्हणजे जन्म लांबवायला घ्यायची.

पुढच्या वर्षी तू ५१ चा होशील, बाळा. म्हातारपणावरून खुशाल चिडव मला. फक्त ते बघायला तूही हवास.