आधी तळाचं मडकं

मंडळी, आपल्याकडची कॉलेजातली मुलं ओपन सोर्सला हातभार लावतात, याचं आम्हाला कौतुकच आहे. पण होतं काय, एकमेकांवर अवलंबून असलेली पाच-सहा पॅकेजं (म्हणजे सॉफ्टवेअरची बांधलेली गाठोडी) ती एकदम पाठवतात. गाठोडी अडकून पडतात नि पोरं हिरमुसून नाद सोडतात.

डेबियनचंच घ्या. कै. इयन मरडॉक यांनी १९९३ साली सुरू केलेला हा प्रकल्प स्वयंसेवकांच्या जिवावर चालतो. नवं पॅकेज आलं की माणसं त्याचा परवाना नि हक्क तपासतात. तोवर रांगेत थांबायचं. पुढे 'अनस्टेबल'मधून 'टेस्टिंग'मध्ये जायचं, तर ज्या लायब्ररीवर ते उभं आहे तीही तिथे हवी. म्हणून आधी कागदावर उतरंड काढा. तळाचं मडकं पहिलं पाठवा, आणि वर काय काय येणार ते तेव्हाच सांगून ठेवा. तपासणाऱ्याला निदान कळतं, ही एवढीशी लायब्ररी हवी कशाला!

दोन पॅकेजं एकमेकांवाचून बांधलीच जात नसतील तर? एकाच्या चाचण्या नि माहितीपुस्तिका वगळून ते कामापुरतं बांधायचं, त्यावर दुसरं, मग पहिलं पुन्हा पुरतं. (लग्नाच्या याद्यांपेक्षा सोपं आहे, बरं का!)

खरी कसोटी जुन्या लायब्ररीची जोडणी बदलताना. तिच्यावर विसंबलेली सगळी पॅकेजं पुन्हा बांधावी लागतात, आणि ती बहुधा दुसऱ्यांनी सांभाळलेली असतात. तेव्हा नवी आवृत्ती आधी 'एक्सपेरिमेंटल'मध्ये ठेवावी, आणि त्या सगळ्यांना नि रिलीज टीमला विचारूनच पुढे हात घालावा.