गोड चालीतला धाक
१९९३ साली 'खलनायक'मधल्या चोलीच्या गाण्यावर देशभर गदारोळ झाला, प्रकरण कोर्टापर्यंत गेलं. त्याच वर्षअखेरीला 'डर' आला. त्यात नायिकेचा पाठलाग करणारा शाहरुख खान अगदी गोड चालीत बजावतो, की तू हो म्हण वा नाही म्हण, तू माझीच. त्यावर तशी ओरड झाल्याचं मला आठवत नाही. आजही कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये पोरं ते गाणं प्रेमाची कबुली म्हणून गातात, समोरच्या मुली माना डोलावतात, आणि पडद्यावर ते म्हणणारा माणूस नायिकेचा जीव नकोसा करून सोडतो, हे कुणाच्या ध्यानातही नसतं. मला कुठल्याही आयटम साँगपेक्षा हे गाणं जास्त घातक वाटतं. लावणीला आपण नाकं मुरडली. पण तिच्यात बाई स्वतःच्या तोंडानं मागते, रुसते, वाट अडवणाऱ्याला खडसावतेही (लिहिणारे शाहीर बहुतेक पुरुषच, हे खरं). शरीराचं नाव काढलं की अश्लील आणि जबरदस्ती सुरात आली की प्रेम, असा हा उफराटा हिशेब. पाठलाग हा स्वतंत्र गुन्हा ठरायला २०१३ उजाडलं. महाराष्ट्रानं तर २००७ साली शाळेतल्या लैंगिक शिक्षणावरच बंदी घातली. मग नकार कसा पचवायचा, हे वयात येणाऱ्या पोराला शिकवणार कोण? कानातला हेडफोन? आईबापांनो, गाणी बंद करू नका. मुलाशेजारी बसून ती ऐका आणि त्याला सरळ विचारा: ती नाही म्हणाली, तर तू काय करशील?