मासा काय खातो, हे आधी विचारा

"मासे खा, हृदयाला चांगले असतात" हा सल्ला तुम्ही अनेकदा ऐकला असेल. तो बरोबर आहे, पण अर्धाच. बाजारातले रोहू, कटला, बासा, तिलापिया आणि बरीचशी कोळंबी आज तळ्यांत वाढवलेली असते. अशा माशाचा कस त्याच्या खाद्यावर आणि पाण्यावर ठरतो.

ओमेगा-३ चेच बघा. हृदयाला उपयोगी पडणारी ही मेदाम्ले मुळात सूक्ष्म शैवालात तयार होतात आणि खाण्यातून माशात येतात. खाद्यातले मासळीचे तेल कमी करून स्वस्त वनस्पती तेल वाढवले, की माशातले ओमेगा-३ घटते. स्कॉटलंडमधल्या पाळीव सॅमनमध्ये २००६ ते २०१५ या काळात ते जवळजवळ निम्म्यावर आले. मासा तोच, फायदा निम्मा!

दुसरा प्रश्न औषधांचा. दाटीवाटीने वाढवलेल्या माशांत रोग पसरतात आणि मग अँटिबायोटिक्स वापरली जातात. क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान यांना आपल्याकडे मत्स्यशेतीत बंदी आहे. नायट्रोफ्युरानचे अवशेष तर शिजवूनही जात नाहीत. शिवाय अशा वापरातून औषधांना न जुमानणारे जंतू वाढतात. उद्या तुमच्या मुलाला जंतुसंसर्ग झाला, तर तेच औषध निकामी ठरू शकते.

युरोपने २०१६ मध्ये भारतातून येणाऱ्या पाळीव कोळंबीच्या तपासणीचे प्रमाण १० वरून ५० टक्क्यांवर नेले. म्हणजे दर दोन खेपांमागे एक खेप तपासायची. तुमच्या मासळी बाजारात येणाऱ्या किती टोपल्या तपासल्या जातात? परदेशी गिऱ्हाइकाचे पोट नाजूक आणि आपले दगडाचे, असे थोडेच आहे!

"एवढी काळजी घेतली तर धंदा परवडणार नाही" हे कारण पुढे केले जाते. नॉर्वेने ते खोटे पाडले आहे. १९८७ च्या सुमारास तिथे सॅमनसाठी अँटिबायोटिक्सचा प्रचंड वापर होई. माशांना लस देणे सुरू झाले, व्यवस्थापन सुधारले आणि तो वापर सुमारे ९९ टक्क्यांनी घटला. उत्पादन मात्र कित्येक पटींनी वाढले.

म्हणून मासे सोडू नका. बांगडा, तारली हे समुद्रातले तेलकट मासे आहारात ठेवा. पाळीव मासा नीट शिजवा, कच्चा हाताळल्यावर हात साबणाने धुवा. त्याने जंतूंपासून बचाव होतो. "जिवंत आहे म्हणजे चांगला" असेही समजू नका. बंदी असलेला थाई मांगूर घाण पाण्यातही जगतो.

पण औषधांचे अवशेष तुम्हाला डोळ्यांनी दिसणार नाहीत, ते काम प्रयोगशाळेचे आहे. म्हणून मासा कुठल्या तळ्यातला, हे विक्रेत्याला विचारत राहा. आणि निर्यातीच्या कोळंबीची होते तशी तपासणी आपल्या बाजारातल्या माशांचीही व्हावी आणि तिचे निकाल जाहीर व्हावेत, अशी मागणी अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी करा. तो तुमचा हक्क आहे.