शेजारी हाकललेल्या बेटावरचा शेजारधर्म

शिडाच्या बोटीवरून जग फिरणारे लोक एकमेकांशी फार चांगले वागतात. हे आधीच मान्य करून टाकतो, कारण पुढे त्यांच्याशी भांडायचंय.

त्यांचे व्हिडिओ तुम्हीही पाहिले असतील. नांगर पडतो न पडतो तोच शेजारच्या बोटीवरून कुणीतरी डिंगी घेऊन चौकशीला येतं. सकाळी ठरलेल्या वेळी रेडिओवर सगळे जमतात: हवामान काय म्हणतंय, कुणाच्या इंजिनाचा पट्टा तुटलाय, कुणाकडे जादा आहे. सूर्य कलला की कुणाच्या तरी बोटीवर मैफल, नाहीतर किनाऱ्यावर पॉटलक. आपलं ताट आपण आणायचं आणि सगळ्यांसाठी एक पदार्थ. बहामातल्या जॉर्ज टाउनला हिवाळ्यात अशा शेकडो बोटी उतरतात, समोरच्या स्टॉकिंग बेटावर व्हॉलीबॉल रंगतो. समोरच्या फ्लॅटमध्ये विरजण मागायला संकोचणाऱ्या आपल्याला हे बघून हेवा वाटतो. मला तरी वाटतो.

पण जॉर्ज टाउनला निदान गाव आहे. पाव, पाणी, भाजी घ्यायला उतरावं लागतं, कुणाला तरी नमस्कार करावा लागतो. या मंडळींच्या जुन्या आठवणींमध्ये स्वर्ग म्हणून ज्याचं नाव हमखास येतं, तिथे नमस्कार करायला कुणीच नाही. ते म्हणजे चागोस. मालदीवच्या दक्षिणेला सुमारे ५०० किलोमीटरवरचा द्वीपसमूह. त्यातल्या सालोमन प्रवाळद्वीपावरच्या बोडाम बेटावर १९८० आणि ९०च्या दशकांत बोटवाले महिनोन्‌महिने मुक्काम ठोकायचे. जुन्या पडक्या इमारतीत त्यांचा ‘यॉट क्लब’ होता. गावाच्या विहिरीवर कपडे धुवायचे, मासे भाजायचे, व्हॉलीबॉल खेळायचे. निर्जन, अस्पर्श, आपलं आपलं बेट.

विहीर कुणी खणली होती? जवळच चर्चचे अवशेष आहेत, दफनभूमी आहे. अस्पर्श बेटावर दफनभूमी नसते हो.

ब्रिटनने १९६५ साली ही बेटं मॉरिशसपासून तोडली, कारण अमेरिकेला दिएगो गार्सियावर लष्करी तळ हवा होता. १९६८ ते १९७३ या काळात दीड ते दोन हजार माणसं तिथून काढली गेली. नारळाच्या मळ्यांवर पिढ्यानपिढ्या राबलेली, आफ्रिकेतून आणि भारतातून आणलेल्यांची वंशज. दिएगो गार्सियावर त्यांची कुत्री गॅसने मारली. माणसांना बोटीत कोंबून मॉरिशस आणि सेशेल्सला नेऊन सोडलं. त्यांच्या क्रिओल भाषेत ‘साग्रें’ असा शब्द आहे, खोल दुःखाचा. कितीतरी जण त्यानेच गेले, असं ते आजही सांगतात. सालोमन तर तळापासून दोनशे किलोमीटरहून दूर आहे. तेही रिकामं केलं.

बोटवाले म्हणतील, आम्ही थोडंच हाकललं? खरंय. हिंदी महासागर ओलांडताना थकलेल्या बोटीला आसरा लागतो, हेही खरं. माझा राग आसऱ्यावर नाही, ‘निर्जन’ या शब्दावर आहे. आणि त्याहून जास्त एका विसंगतीवर. २००० साली लंडनच्या उच्च न्यायालयात चागोसवासी जिंकले. २००२च्या सरकारी अहवालाने सांगितलं, की तिथे कायमची वस्ती करणं खर्चिक आणि बेभरवशाचं ठरेल. २००४मध्ये राणीच्या विशेषाधिकाराचा हुकूम काढून परतीचा रस्ता पुन्हा बंद केला. अन् ज्या बेटांवर म्हणे राहणं कठीण, तिथे हौशी बोटवाले विहिरीच्या पाण्यावर आणि माशांवर एकेक मोसम काढून आले होते! त्यांचा यॉट क्लब हाच त्या अहवालाला चोख उत्तर होता. बोट आणि शीतपेटी घेऊन आलेल्यांचं राहणं ही कायमची वस्ती नव्हे, हे मलाही कळतं. पण ‘आम्ही राहिलो, राहता येतं’ एवढी साक्ष तरी सगळ्यांनी मिळून द्यायची होती. त्याऐवजी स्वर्ग हरवल्याच्या आठवणी लिहिल्या गेल्या.

पुढे नियम कडक झाले. आधी परवाना काढा, विमा दाखवा, चार आठवड्यांत निघा. बोटवाल्यांनी कुरकुर केली. पण बघा, पैसे भरून, विमा दाखवून परक्याला चार आठवडे मिळतात. ज्याची आजी तिथे पुरलीय, त्याला २००६ साली काय मिळालं? शंभरेक जणांना सरकारी देखरेखीखाली काही दिवसांची जहाजसफर. कबरी साफ केल्या, रडले, परत जहाजात. २००८मध्ये लॉर्ड्सनी तीन विरुद्ध दोन मतांनी सरकारची बाजू उचलून धरली. २०१९मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने ब्रिटनला ताबा सोडायला सांगितलं, तरी ब्रिटन हललं नाही.

फेब्रुवारी २०२२मध्ये काही चागोसवासी ब्रिटनची परवानगी न घेता पेरोस बान्योसला उतरले. त्यांनी आधी चर्चमधलं रान उपटायला घेतलं.

मे २०२५मध्ये ब्रिटन आणि मॉरिशसने करार केला. तळ ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर राहणार, बाकीच्या बेटांवर वस्ती करायची की नाही ते मॉरिशस ठरवणार. सहीच्या दिवशी पहाटे चागोसच्या दोन स्त्रियांच्या अर्जावर कोर्टाने स्थगिती दिली. काही तासांत ती उठली आणि सही झाली. त्यांची तक्रार एवढीच होती, की आमचं घर आहे आणि आम्हाला कुणी विचारलंच नाही.