व्हॅली म्हणजे दरी?

'व्हॅली'चा मराठी अर्थ सांगा, असं कोणी विचारलं तर आपण सगळे एका सुरात 'दरी' म्हणू आणि एक मार्क खिशात टाकू. मीही तेच केलं असतं. पण सर्व्हे कॅम्पमध्ये याच उत्तराने आमच्या बॅचचा अर्धा दिवस खाल्ला, तेव्हापासून माझा या अर्थावरचा विश्वास उडाला आहे.

कॅम्प मावळात, घाटमाथ्याजवळच्या एका गावात होता. बंधाऱ्याच्या साइटचं कंटूरिंग करायचं होतं. डोंगराच्या दोन सोंडांमधून एक ओढा खोल कापत गेला होता, तो आमच्या वाट्याला आला. फील्ड बुकात ऐटीत 'व्हॅली' लिहिलं. आता स्टाफ घेऊन दोघांना खाली पाठवायचं होतं. बांधावर एक मामा गुरं राखत बसले होते. त्यांना विचारलं, "मामा, दरीकडे जायची वाट कुठून?" मामांनी शांतपणे पलीकडे पश्चिमेला हात दाखवला. आमचे दोन वीर स्टाफ खांद्यावर टाकून निघाले. तासाभराने एकाचा फोन आला, "अगं, इथे नुसता कडा आहे! खाली डायरेक्ट कोकण दिसतंय!"

तणतणत मामांकडे गेले, तर ते म्हणाले, "ताई, तुमीच दरी म्हनला न्हवं? दरी तिकडंच हाय. ही तर घळ."

मग त्यांनी बसल्या जागेवरून आमची व्हायवाच घेतली. कड्याखाली खोल तुटतं ती दरी. पाण्याने कापलेली अरुंद जागा ती घळ. दोन डोंगरांच्या मधून पलीकडे जाता येतं ती खिंड. कड्याच्या खाचेतून कोकणात उतरते ती नाळ. आणि नदीच्या दोन्ही अंगांना शेतं नि गावं पसरलेली असतात ते खोरं. खिंड सोडली तर बाकी सगळ्यांना मी डोळे झाकून 'व्हॅली' म्हटलं असतं!

घरी आल्यावर विचार केला, की हे शब्द आपल्याला अगदीच अनोळखी आहेत का? तर नाही. १९९६ साली स्थापन झालेल्या महामंडळाचं नाव 'महाराष्ट्र कृष्णा खोरे विकास महामंडळ' असं आहे. इंग्रजीत तिथे 'व्हॅली'च आहे, पण 'कृष्णा दरी विकास' असं कोणी म्हटलं नाही. म्हटलं असतं तर विकास कुठे चाललाय असा प्रश्न पडला असता! शिवथर घळ शाळेपासून ऐकलेली, हरिश्चंद्रगडाची नळीची वाट ट्रेकवाल्यांना पाठ. शब्द कानावर आहेत, फक्त वापरायची वेळ आली की जिभेवर 'व्हॅली' येते.

आता कोणी म्हणेल, बघा, इंग्रजी किती गरीब आणि आपली मराठी किती श्रीमंत! मला ते अजिबात पटत नाही. इंग्रजीत गॉर्ज आहे, रॅव्हिन आहे, कॅन्यन आहे, गली आहे, डेल आणि ग्लेन आहेत. शिवाय एकट्या व्हॅलीचा पसारा बघा. इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांच्या यूजेटीच्या ग्राफमध्ये पीक पॉइंटनंतर व्हॅली पॉइंट येतो. आम्ही सिव्हिलवाले रस्त्याच्या खोलगट भागाला व्हॅली कर्व्ह म्हणतो आणि रात्री तिथे हेडलाइटचा उजेड किती लांब पोचेल याचं गणित मांडतो. कॉम्प्युटरवाल्यांच्या स्वप्नातली सिलिकॉन व्हॅली तर १९७१ साली एका पत्रकाराच्या लेखमालेतून प्रसिद्ध झाली. त्याआधी ती फळबागांची सांता क्लारा व्हॅली होती. म्हणजे तिथेही मामांच्या भाषेत दरी नव्हती, खोरंच होतं.

तेव्हा गरीब इंग्रजीही नाही आणि मराठीही नाही. गरीब आपण आहोत. दोन्ही भाषांमधला एकेक शब्द पाठ करून आपण 'व्हॅली म्हणजे दरी' असा हिशेब मिटवून टाकला आहे.

यात नुकसान काय, असं विचाराल तर भंडारदऱ्याजवळच्या साम्रदची सांदण बघा. हल्ली सगळे तिला 'सांदण व्हॅली' म्हणतात. 'व्हॅली' ऐकलं की डोळ्यांसमोर मोकळी हिरवळ आणि झुळझुळ नदी येते. प्रत्यक्षात ती कातळातली अरुंद, खोल भेग आहे. पावसाळ्यात तिच्यातून पाण्याचा लोंढा येतो आणि बाजूला सरकायला जागा नसते. 'सांदण' म्हटलं की निदान सांदीकोपऱ्यातली सांद तरी आठवते आणि अडकायला होईल हे समजतं. 'व्हॅली' म्हटलं की फक्त डबा आणि कॅमेरा आठवतो.

आपल्यातले काही जण उद्या बंधारे बांधतील, रस्ते काढतील. साइटवर ज्या माणसाला सगळी जमीन माहीत असते, तो बहुतेक वेळा मामांसारखाच असतो. तो 'नाळ' म्हणाला आणि आपण 'दरी' ऐकलं, तर चुकीच्या जागी स्टाफ नेऊन उभा करण्यापेक्षा महागात पडेल.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. कॅम्पच्या फील्ड बुकात रिमार्क्सचा कॉलम असतो आणि तो आपण नेहमी रिकामा ठेवतो. पुढच्या बॅचने गावकऱ्यांना विचारून त्यात त्या जागेचं गावातलं नाव लिहावं. मार्क मिळणार नाहीत, पण माझ्या बॅचमेट्सना विचारा, अर्धा दिवस नक्की वाचेल.